शिरपामाळाजवळची घरं

जव्हारजवळचा शिरपामाळ बहुतेकांना एकाच गोष्टीसाठी ठाऊक आहे. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराज सुरतेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचं या माळावर स्वागत केलं आणि मानाचा शिरपेच दिला, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. माळाचं नाव त्यावरूनच पडलं, असं इथले लोक सांगतात. त्यानंतर उरलेल्या महाराष्ट्राचं लक्ष या मुलखाकडे पुन्हा वळलं ते 1992-93 मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालकं दगावली तेव्हा. मंत्री आले, पत्रकार आले, समित्या आल्या. 2016 मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तेच सगळं पुन्हा घडवलं. एकदा गौरव, एकदा मरण. या दोहोंच्या मधे इथली माणसं रोज उठून काय करतात, कोणावर रुसतात, कोणत्या गोष्टीवरून घरात भांडण होतं आणि संध्याकाळी ते कसं मिटतं, हे बाहेरच्या महाराष्ट्रानं कधी विचारलं नाही.

याला माझ्या मते एक कारण आहे, आणि ते ऐकताना किरकोळ वाटेल. जव्हार-मोखाड्याच्या घरावर आपण एकही विनोदी चित्रपट केलेला नाही.

हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो आहे. घरगुती विनोदी चित्रपटाला आपण हलका माल समजतो. समीक्षक त्याला बाजूला ठेवतात, महोत्सवात त्याला जागा मिळत नाही. पण एखाद्या समाजाला आपल्यात मोजण्याचं काम हाच चित्रपट करतो. एखाद्याच्या दुःखानं आपण हेलावतो आणि घरी जातो. त्याच्या घरातली सासू-सुनेची कुरबुर, बापाचा हेका, धाकट्याची लबाडी बघून हसू आलं, की तो माणूस आपल्या ओळखीचा होतो. दया दुरूनही करता येते. असं हसू यायला मात्र त्या घराच्या ओटीवर जाऊन बसावं लागतं.

अमेरिकेनं हे फार लवकर ओळखलं. 1937 मध्ये एमजीएम कंपनीनं ‘अ फॅमिली अफेअर’ नावाचा एक साधा, कमी खर्चाचा चित्रपट काढला. कार्व्हेल नावाचं काल्पनिक लहान गाव, तिथले न्यायाधीश हार्डी, त्यांची बायको, मुलं आणि घरातच राहणारी मावशी. चित्रपट इतका चालला की त्याची मालिकाच झाली. न्यायाधीशांचा वांड मुलगा अँडी, म्हणजे मिकी रूनी, 1939 ते 1941 ही सलग तीन वर्षं अमेरिकेतला सर्वांत जास्त गल्ला जमवणारा नट ठरला. 1958 पर्यंत या घरावर एकूण सोळा चित्रपट निघाले. यातल्या ‘लव्ह फाइंड्स अँडी हार्डी’ या 1938 च्या चित्रपटातलं संकट काय, तर जुनी मोटार घ्यायला अँडीला आठ डॉलर कमी पडतात. त्या आठ डॉलरपायी तो मित्राच्या मैत्रिणीला नाचाला न्यायचं कबूल करतो आणि तीन मुलींच्या कचाट्यात सापडतो. शेवटी वडिलांच्या खोलीत जाऊन बसतो आणि बापलेक मोकळेपणानं बोलतात. ते बोलणं पाहायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत होते.

आठ डॉलरची ही गोष्ट. पण 1943 च्या समारंभात ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं या मालिकेसाठी एमजीएमला खास पुरस्कार दिला, आणि तो देताना कारण सांगितलं ते अमेरिकन जीवनपद्धतीचं दर्शन घडवल्याचं. महायुद्ध चालू होतं. पोरं आघाडीवर होती. आपण कशासाठी लढतो आहोत, हे दाखवायला त्या देशानं न्यायाधीश हार्डींच्या घरातलं जेवणाचं टेबल पुढे केलं. आणि हे घर उभं करणारे एमजीएमचे प्रमुख लुई मेयर हे रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यू कुटुंबातले होते. अमेरिकन गावात ज्याचा जन्म झाला नव्हता, त्यानं स्टुडिओच्या आवारात अमेरिकन गाव बांधलं आणि देशानं ते आपलं मानलं.

या मालिकेची उणीवही तितकीच मोठी आहे. कार्व्हेलमध्ये काळ्या माणसांचं घर नाही. त्यांच्या मुलाला मोटार हवी असते का, त्यांची मावशी कोणाला टोमणे मारते, हे सोळा चित्रपटांत कुठेच येत नाही. देशाच्या कौटुंबिक चित्रात ज्याचं घर नाही, त्याला त्या देशाचा पूर्ण नागरिक मानायला लोक तयार होत नाहीत. अमेरिकेत त्याची किंमत किती काळ मोजावी लागली, ते आपण इतिहासात वाचतो.

आता आपल्याकडे या. मराठीतलं हार्डींचं घर म्हणजे चिमणरावांचं घर. चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवत आणि चिमणराव, काऊ, मैना, मोरू, गुंड्याभाऊ यांच्या कथा लिहीत. 1940 मध्ये मास्टर विनायकांनी त्यावरून ‘लग्न पहावे करून’ काढला आणि 1942 मध्ये ‘सरकारी पाहुणे’. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी तीच माणसं घराघरांत नेली. राजा परांजपे आणि ग. दि. माडगूळकर यांच्या चित्रपटांनी पन्नासच्या दशकात याच मध्यमवर्गीय घराचा विनोद आणखी फुलवला. याचा परिणाम असा झाला की लातूरच्या, चंद्रपूरच्या, सावंतवाडीच्या माणसालाही पुण्यातल्या कारकुनाच्या घरची अडचण आपलीशी वाटू लागली. भाड्याची खोली, पगाराची तारीख, उपवर मुलीचं लग्न, न सांगता आलेला पाहुणा, या गोष्टी सगळ्या महाराष्ट्राच्या झाल्या. हे चिं. विं.चं आणि विनायकांचं मोठं काम आहे. पण ओळख एकाच दिशेनं झाली. आश्रमशाळेत शिकणारं वारली किंवा कोकणा मूल मराठीच्या पुस्तकातून सदाशिव पेठेच्या घरात डोकावतं. पेठेतलं मूल त्याच्या पाड्यावर डोकावत नाही, कारण डोकवायला खिडकीच ठेवलेली नाही.

ही गोष्ट मला जास्त लागते ती आणखी एका कारणानं. मोखाड्याहून पूर्वेला रस्त्यानं गेलं की त्र्यंबकेश्वर लागतं. 30 एप्रिल 1870 रोजी दादासाहेब फाळके तिथे जन्मले. भारतीय चित्रपटाच्या जनकाचं गाव या आदिवासी मुलखाच्या शेजारी आहे. 2009 मध्ये परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ काढला, तेव्हा फाळक्यांची कथा त्यांनी घरगुती विनोदाच्या अंगानं सांगितली. घरातल्या वस्तू विकणारा नवरा, कामाला हातभार लावणारी सरस्वतीबाई, बापाच्या खटपटीत सामील झालेली पोरं. थोर पुरुषाचा पुतळा न करता त्यांनी त्याचं बिऱ्हाड दाखवलं, आणि म्हणूनच फाळके आपल्याला पहिल्यांदा जवळचे वाटले. भारतानं तोच चित्रपट ऑस्करसाठी पाठवला. जी रीत त्र्यंबकच्या फाळक्यांना लागू पडली, ती शेजारच्या मोखाड्याला का लागू पडू नये?

आदिवासी माणूस पडद्यावर आलाच नाही, असं मात्र म्हणता येत नाही. 1977 मध्ये जब्बार पटेलांनी गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून ‘जैत रे जैत’ केला. कर्नाळ्याच्या पायथ्याचे ठाकर, मोहन आगाशेंचा नाग्या, स्मिता पाटीलची चिंधी आणि हृदयनाथांचं संगीत. देखणा चित्रपट आहे. पण त्यात ठाकरवाडी एक लोककथा होऊन गाते आणि नाचते. तिथे बाजाराचा हिशेब नाही, शाळेचा दाखला नाही. 1980 मध्ये गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ आला. तो हिंदी असला तरी पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला लहान्या भिकू, म्हणजे ओम पुरी, जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर बोलत नाही. अन्यायाचं असं चित्रण त्याआधी भारतीय पडद्यावर झालं नव्हतं आणि त्या चित्रपटाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याचा एक परिणाम नोंदवायला हवा. सुशिक्षित प्रेक्षकाच्या मनात आदिवासी माणसाची जी प्रतिमा पक्की झाली, ती मुक्या माणसाची. तो एक तर सामुदायिक नाच करतो, नाही तर गप्प बसून सोसतो. तो बडबड करतो, बाता मारतो, जावयाची फिरकी घेतो, म्हातारीपुढे शेपूट घालतो, हे त्या प्रतिमेत कुठेच बसत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. जिथे मुलं कुपोषणानं दगावतात, तिथे तुम्हाला विनोद सुचतो कसा? आक्षेप प्रामाणिक आहे आणि मी तो टाळणार नाही. अँडीचे आठ डॉलर बुडाले असते तरी त्याच्या घरी चूल पेटणारच होती. जव्हारच्या पाड्यावरच्या कुटुंबानं वीटभट्टीवाल्याकडून घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढचं सगळं वर्ष त्याच्या हाती जातं. भाताची कापणी झाली की दिवाळीच्या सुमाराला कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात. घराला कुलूप, पोरांची शाळा सुटलेली, गरोदर बाई भट्टीवर. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि तसं कोणी नेऊही नये.

प्रेस्टन स्टर्जेस या दिग्दर्शकानं 1941 मध्ये हाच प्रश्न ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’मध्ये मांडला होता. विनोदी चित्रपट काढणारा एक दिग्दर्शक कंटाळतो. त्याला गरिबांच्या दुःखावर गंभीर चित्रपट करायचा असतो. अनुभव घ्यायला तो फाटके कपडे घालून फिरतो, खरोखरच कैदी होतो, आणि एका संध्याकाळी साखळदंडातल्या कैद्यांबरोबर काळ्या लोकांच्या एका चर्चमध्ये बसून मिकी माऊसचा कुत्रा पाहतो. सगळे खदखदून हसतात, तोही हसतो. लोकांना हसवणं हेच आपलं काम, असं ठरवून तो परततो. चित्रपट उत्तम आहे, पण त्याचं उत्तर मला अर्धंच वाटतं. स्टर्जेसच्या गोष्टीत गरीब माणूस हसण्याचं गिऱ्हाईक आहे, शहरानं केलेला विनोद त्याला वाटला जातो. ज्या चर्चमध्ये ते सगळे बसले आहेत, तिथली काळी माणसं आपापसांत कशावर हसतात, हे विचारायला तो दिग्दर्शक थांबत नाही.

जव्हार-मोखाड्यात हे विचारलं की उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. होळीनंतरच्या दिवसांत या भागात बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात संबळ वाजू लागतो आणि गणपती, सरस्वती, राम, रावण, नरसिंह, अशी एकेक सोंगं मुखवटे घालून नाचत येतात. मुखवटे वजनदार असतात, सोंगांचे मान घराण्यांकडे चालत आलेले असतात, शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध होतं. श्रद्धा पूर्ण असते. पण देव-दानवांच्या अधेमधे हसवणारी सोंगंही येतात, आणि मुखवट्यामागे कोण आहे हे गावाला पक्कं माहीत असतं. ज्यानं दिवसा शेजाऱ्याशी बांधावरून भांडण केलं, तोच रात्री देव होऊन नाचत असतो, आणि बघणारे त्याला नमस्कारही करतात आणि टोमणाही मारतात. भक्ती आणि थट्टा यांना एकाच अंगणात जागा देणारी ही माणसं आहेत. भट्टीची उचल डोक्यावर असतानाच ती हे करतात. तेव्हा गरिबाघरी हसू नसतं, ही समजूत बाहेरून बघणाऱ्याची आहे. अपराधी वाटतं ते आपल्याला, म्हणून आपण त्यांचं हसू बघायला तयार होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. विनोद करायला जाल आणि विटंबना करून बसाल. मराठी पडद्यावर गावंढळ माणसाची, त्याच्या बोलीची, पेहरावाची टिंगल वर्षानुवर्षं चालली. आदिवासी पात्र आणलंच तर पानांचं नेसवून, ‘झिंगालाला’ करत नाचवलं गेलं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’नं, 2014 मध्ये, या हसण्याचा हिशेब चुकता केला. त्या चित्रपटाचा बराच भाग मोकळा, खट्याळ आहे. त्याचा नायक जब्या, त्याचं शालूवरचं प्रेम, काळ्या चिमणीचा पाठलाग, मित्राबरोबरची भटकंती पाहताना आपण सुखानं हसतो. मग जब्याच्या घरातली सगळी माणसं डुकराच्या मागे धावू लागतात, आणि बघ्यांचं हसणं सुरू होतं. त्याला शेवटी जब्याचा दगड उत्तर देतो. पहिलं हसणं आणि दुसरं हसणं यांतलं अंतर त्या चित्रपटाइतकं स्पष्ट मराठीत कोणी दाखवलेलं नाही. आणि ते दाखवता आलं, कारण सांगणारा माणूस त्या जगण्यातून आला होता. म्हणून आक्षेपाचं उत्तर चित्रपट न करण्यात नाही. तो कोण करतो, यात आहे.

आणि करायला विषय किती आहेत! एकच सांगतो. या भागात अनेक जोडपी लग्नाचा विधी न करताच संसार थाटतात. कारण साधं आहे, लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, आणि तेवढा पैसा हाताशी नसतो. समाज त्यांना नवरा-बायकोच मानतो, कोणी बोट दाखवत नाही. पण विधी राहिलेला असतो, तो कधी तरी फेडायचा असतो, आणि अनेक ठिकाणी आईबापांचं लग्न उरकल्याशिवाय मुलाचं लागत नाही. मग होतं असं की एकाच मांडवात बापालाही हळद लागते आणि लेकालाही. सामुदायिक विवाहांत पोटची पोरं आईबापांच्या वरातीत नाचताना दिसतात. शहरी वर्तमानपत्रांत याचा फोटो छापून येतो, खाली गरिबीबद्दल दोन वाक्यं असतात, आणि वाचक हळहळून पान उलटतो.

आता याच प्रसंगाला घर म्हणून बघा. मुलाचं लग्न ठरलं आहे आणि मुलीकडचे विचारतात, आधी तुमचं कधी? बाप पंचेचाळिशीचा, मिशा पिकलेल्या, त्याला मुंडावळ्यांची लाज वाटते. आईला मात्र वीस वर्षं या दिवसाची आस आहे, ती ते कबूल करत नाही, पण लुगड्याचा रंग तिनं केव्हाच ठरवून ठेवला आहे. आजी म्हणते, धवलेरी आली नाही तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही. धवलेरी, म्हणजे वारल्यांची लग्नं गाण्यांनी लावणारी बाई, तिच्या तारखा आधीच गेलेल्या. आश्रमशाळेतून सुट्टीला आलेली धाकटी, मैत्रिणींना काय सांगू म्हणून डोक्यावर पांघरूण घेऊन झोपली आहे. भट्टीच्या हिशेबातून उरलेले पैसे कोणाच्या मांडवात किती जायचे, यावरून बापलेकांत अबोला. आणि लग्नाच्या आदल्या रात्री दोघे नवरदेव अंगाला हळद लावून ओटीवर शेजारी बसलेले, एकाला झोप येत नाही आणि दुसऱ्यालाही नाही, तेव्हा बाप मुलाला संसाराबद्दल चार गोष्टी सांगतो. हार्डी न्यायाधीशांच्या खोलीतलं बोलणं मला इथे जास्त खरं वाटेल, कारण इथे बापही त्याच रात्रीत उभा आहे. या चित्रपटात वीटभट्टी आहे, कर्ज आहे, शासन आहे, कुपोषणही असेल. फक्त ती माणसं त्या गोष्टींपेक्षा मोठी आहेत.

असा चित्रपट धोरणं बदलेल का? थेट नाही बदलणार. पण माझी खात्री आहे की 1992 मध्ये आणि 2016 मध्ये जी बेपर्वाई झाली, तिच्या मुळाशी हे अनोळखीपण होतं. जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत, जव्हारपासून मुंबई दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आहे, आणि तरी मेलेल्या मुलाचं घर मुंबईकराच्या डोळ्यांपुढे उभं राहत नाही. आकडा दिसतो. चिमणरावांच्या मोरूला काही झालं असतं तर महाराष्ट्र रडला असता, कारण मोरूच्या खोड्यांवर तो आधी हसलेला होता.

काम अगदीच सुरू झालेलं नाही, असंही नाही. जव्हार-मोखाडा ज्या पालघर जिल्ह्यात येतात, तिथली तरुण पोरं मोबाइलवर आपल्या बोलीत गाणी आणि छोटे विनोदी प्रसंग चित्रित करून टाकतात. त्यांत कॅमेरा हलतो, आवाज फाटतो, पण संवादाची वेळ अचूक असते, कारण ती घरातूनच आलेली असते. कमी आहे ती दोन तासांची गोष्ट बांधण्याच्या शिक्षणाची आणि पैशाची. मराठी चित्रपटांना शासन अनुदान देतं. आदिवासी विकास विभाग आश्रमशाळा चालवतो. पुण्यात राष्ट्रीय दर्जाची चित्रपट संस्था आहे. या तिघांनी मिळून जव्हार-मोखाड्यात पटकथेचे वर्ग सुरू करावेत आणि त्यातून निघालेल्या एका तरी चित्रपटाचा पूर्ण खर्च उचलावा, वारली-कोकणा बोलीतच, खाली मराठी अक्षरं देऊन. बाहेरच्या दिग्दर्शकांना माझी विनंती आहे की त्यांनी या चित्रपटासाठी यंत्रं द्यावीत, हात द्यावा, पण लेखणी मागू नये. आणि जव्हार-मोखाड्याच्या शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींना सांगतो, तुमच्या घरी गेल्या होळीला जे भांडण झालं आणि ज्यावर नंतर सगळे हसले, ते लिहून काढा. आम्हाला ते पाहायचं आहे.